'पारंपरिक' म्हणजे कोण?



एप्रिल जवळ आला की आमच्या जळगाव-धुळ्याकडे दोन गोष्टी तापतात. एक ऊन आणि दुसरी नवीन गाण्यांची चर्चा. यंदा आदर्शचं कोणतं गाणं आलं, आनंददादांनी काय गायलं, कोणत्या डीजेचं रिमिक्स जास्त दणकेबाज आहे, यावर चहाच्या टपरीवर तास तास वाद चालतात. आम्हीही त्यातलेच. आम्ही सहा जण. तिघं भुसावळच्या रेल्वे वस्तीत वाढलेले, एक जळगावचा, दोघी धुळ्याच्या. आम्ही समीक्षक नाही, चाहते आहोत. पण चाहत्यालाही मत असतं. आज ते मत मांडायचं आहे आणि त्यासोबत आमची एक चूकही कबूल करायची आहे. चूक लपवून मत मांडलं तर ते उपदेश होईल, आणि उपदेश आपल्या चळवळीत आधीच भरपूर झाले आहेत.

आमच्या घरांमध्ये पुस्तकांच्या आधी कॅसेट आल्या. प्रल्हाद शिंदे, मग आनंद-मिलिंद, आता आदर्श. एकाच घराचा आवाज आमच्या तीन पिढ्यांनी ऐकला. २००४ साली १५ मे रोजी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. तेव्हा आम्ही शाळकरी पोरं होतो. लिहिणारा मोठा माणूस आणि गाणारा मोठा माणूस सव्वा महिन्याच्या अंतराने गेले, हे तेव्हा कळलं नाही. एवढंच आठवतं की वस्तीतल्या मोठ्या माणसांनी त्या दिवसांत टेप बंदच केला नाही.

त्या कॅसेटची निर्मिती आज ऐकली तर साधी वाटते. ढोलकी, हार्मोनियम, बेंजो, मागे कोरस. सुरुवातीला एक शेर, मग ध्रुवपद, मग तीन-चार अंतरे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. गायकाचा आवाज सगळ्या वाद्यांच्या वर ठेवलेला असायचा. ढोलकी जोरात असली तरी शब्दावर चढायची नाही. अंतरा संपला की ती मोकळी सुटायची आणि पुढचा शब्द आला की पुन्हा खाली बसायची. हे आपोआप होत नाही. वाजवणाऱ्याला आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याला माहीत होतं की हे गाणं वस्तीच्या कोपऱ्यावरच्या भोंग्यातून वाजणार आहे. भोंग्याला खर्ज नसतो. त्यातून दणका येत नाही, पण माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं लांबवर स्पष्ट पोहोचतात. म्हणून आमच्या आज्यांना, ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, त्यांना पाच-पाच अंतरे तोंडपाठ होते. महाड, चवदार तळं, काळाराम मंदिर, नागपूरची दीक्षाभूमी, हा सगळा इतिहास त्यांनी भोंग्याखाली बसून शिकला. भीमराव कर्डकांच्या जलशाविषयी बाबासाहेबांनी म्हटल्याचं सांगतात की त्यांची दहा भाषणं आणि शाहिराचा एक जलसा सारखेच. जलशाचं ते काम पुढे कॅसेटने केलं.

आता डीजेची भिंत आली. तिच्याविषयी आम्हाला नाकं मुरडायची नाहीत. नाकं मुरडणारे खूप आहेत. त्यांना बारा महिने डीजे ऐकू येत नाही, लग्नात येत नाही, गणपतीत येत नाही, १४ एप्रिललाच नेमका त्यांचा कान दुखतो. ज्या रस्त्यावरून आमच्या पणज्याला चालताना अंग चोरावं लागलं, त्याच रस्त्याच्या मधोमध त्याची पणती निळा फेटा बांधून नाचते, हे आमच्यासाठी राजकारणच आहे. ते नाचणं आम्हाला प्रिय आहे.

पण चाहता म्हणून आमची तक्रार अशी की या नव्या निर्मितीत शब्द मरतो. सगळी ताकद खालच्या खर्जाला दिली जाते. छाती हलते, खिडक्यांच्या काचा वाजतात, पण 'क' आणि 'त' ऐकू येत नाही. आवाजाला ऑटोट्यूनचा इतका मुलामा दिलेला असतो की गायक आनंददादा आहेत की कुणी नवखा, ते ओळखू येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कात्री. सात मिनिटांचं गाणं अडीच मिनिटांचं होतं. ध्रुवपद राहतं, पहिला अंतरा राहतो, बाकी जातं.

जातं म्हणजे नेमकं काय जातं? आपल्याकडे शेवटच्या अंतऱ्यात कवी स्वतःचं नाव गुंफतो. ही रीत जुनी आहे. संतांच्या अभंगात ती आहे, शाहिरांच्या कवनात आहे, वामनदादांच्या कितीतरी गाण्यांत शेवटी 'वामन' येतो. ज्यांना कव्हरवर नाव छापून येईल याची खात्री नव्हती, त्यांनी ते गाण्याच्या आतच ठेवलं. गाणं जिथे जाईल तिथे नाव जाईल, असा हिशोब होता. रिमिक्सची कात्री पहिल्यांदा तिथेच चालते.

आता आमच्या चुकीकडे येतो. त्यासाठी थोडं तामिळनाडूत जावं लागेल.

२०२१ च्या मार्चमध्ये 'एन्जॉय एन्जामी' आलं तेव्हा आम्ही वेडे झालो होतो. तमिळचा एक शब्द कळत नव्हता. मग भाषांतर शोधलं आणि कळलं की अरिवू हा आपलाच पोरगा आहे. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेल्या आणि तिथून परतावं लागलेल्या आपल्या आजीची, वल्लियम्माची कहाणी तो त्यात सांगतो आहे. ज्यांनी जमीन कसली त्यांच्याच पोरांकडे जमीन नाही, हे त्या गाण्याचं मर्म. आमच्या भुसावळच्या खोलीत ते गाणं रात्र रात्र चाललं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया' मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची गायिका धी दिसली, अरिवू दिसला नाही. पा. रंजित यांनी जाहीर विचारलं की हा पोरगा पुन्हा पुन्हा अदृश्य का होतो? आम्हीही पेटलो. प्रोफाइल फोटो बदलले, पोस्टी लिहिल्या, लोकांशी भांडलो. ओरड झाल्यावर मासिकाने अरिवूचंही डिजिटल मुखपृष्ठ काढलं. आम्हाला वाटलं आपण जिंकलो.

आता २०२२ चा एप्रिल आठवा. कोरोनाची दोन वर्षं घरात बसून काढल्यावरची पहिली मोकळी जयंती. वस्तीत असा उत्साह होता की विचारू नका. मंडळाने ठरवलं की या वर्षी स्वतःचं गाणं काढायचं. हल्ली हे अवघड राहिलेलं नाही. आपल्या खान्देशात अहिराणी गाण्यांनी मोठा बाजार उभा केला आहे. 'हाई झुमका वाली पोर' राज्यभर वाजलं ते आपण पाहिलंच. छोट्या गावांतही स्टुडिओ झाले, शेतात चित्रीकरण करणारी पोरं तयार झाली, त्यांच्या गाण्यांना कोट्यवधी व्ह्यूज मिळतात. आम्ही वर्गणी काढली, एका स्टुडिओत दिवस ठरवला. नवीन गाणं लिहायला वेळ नव्हता. लहानपणापासून ऐकत आलेलं एक गाणं घेतलं, चाल तीच ठेवली, खाली नवीन बीट टाकला. तीन मिनिटांत बसावं म्हणून शेवटचे दोन अंतरे कापले. त्या जागी मंडळाच्या नावाची घोषणा घातली.

व्हिडिओच्या शेवटी नावांची पाटी होती. तीत गायक, संगीत संयोजन, मिक्सिंग, कॅमेरा, ड्रोन, संकल्पना, मंडळाचे अध्यक्ष, मिरवणुकीला पाण्याच्या बाटल्या देणारे दुकानदार, सगळे होते. गाणं सगळीकडे चढवायचं तर एक अर्ज भरावा लागतो. त्यात एक रकाना होता: गीतकार. तो रिकामा सोडता येत नव्हता. आमच्यापैकी एकाने विचारलं, काय टाकू? दुसरा म्हणाला, टाक ना, 'पारंपरिक'.

पाच सेकंदांत विषय संपला. आम्ही सगळे तिथे बसलेलो होतो. कुणीही हरकत घेतली नाही.

गाणं चाललं. धुळ्याच्या आमच्या मैत्रिणीच्या घरी तिच्या आजोबांना आम्ही कौतुकाने ते मोबाइलवर ऐकवलं. आजोबांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "हाई गानं कोनं शे?" आम्ही गायकाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, तो गातो ते ऐकू येतंय, लिहिलं कोणी? आम्ही म्हणालो, आजोबा, जुनं गाणं आहे, पारंपरिक आहे. आजोबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, जुनं आहे म्हणता, मी तर याच्यापेक्षा जुना आहे, मलाही बाप होता.

तेव्हा आम्ही ते हसण्यावारी नेलं.

जुलैच्या शेवटी चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाडचा उद्घाटन सोहळा झाला. पंतप्रधानांसमोर 'एन्जॉय एन्जामी' सादर झालं आणि मंचावर अरिवू नव्हता. त्याने लिहिलं की हे गाणं त्याने रचलं, लिहिलं, गायलं. संगीतकार संतोष नारायणन यांनी आपली बाजू मांडली की ही तिघांची मिळून निर्मिती आहे. वाद झाला. आम्ही पुन्हा पेटलो, पुन्हा पोस्टी लिहिल्या. आमचं स्वतःचं 'पारंपरिक' गाणं तेव्हा तीन महिन्यांचं झालं होतं.

आणि त्याच वर्षी, पावसाळा सरताना, व्हॉट्सअॅपवर एक बातमी फिरली. कवी, गीतकार प्रतापसिंग बोदडे गेले. वामनदादांचे शिष्य. 'दोनच राजे' हे गाणं त्यांचं. बातमीखाली लोक त्यांच्या गाण्यांची यादी टाकत होते, प्रत्येक जण आपल्याला आठवेल ते गाणं जोडत होता. त्या यादीत आमचं गाणं होतं.

बोदडे कुठले? मुक्ताईनगरचे. जुनी माणसं ज्याला एदलाबाद म्हणतात, ते आपल्या जळगाव जिल्ह्यातलं मुक्ताईनगर. भुसावळहून महामार्गाने तासाभराच्या आत पोहोचता येतं. आम्ही त्याच रस्त्याने मुक्ताईच्या यात्रेला, मित्रांच्या लग्नाला कितीदा गेलो. चेन्नईतल्या पोराचं नाव पुसलं म्हणून आम्ही जगाशी भांडत होतो, आणि ज्या माणसाचं गाणं आम्ही वाजवत होतो तो आमच्याच जिल्ह्यात जिवंत होता. एक फोन केला असता तर त्याने हरकत घेतली असती का, आम्हाला माहीत नाही. कदाचित आशीर्वाद दिला असता. कदाचित कापलेले दोन अंतरे पाहून चार गोष्टी सुनावल्या असत्या. आता ते कधीच कळणार नाही.

मित्रांनो, 'पारंपरिक' हा शब्द नीट तपासा. वरच्या घरातल्या माणसाने बंदिश रचली तर तिला घराणं असतं, गुरू असतो, सन असतं. आपल्या माणसाने रचलं की ते लोकगीत होतं, परंपरेचं होतं, सगळ्यांचं होतं. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. कुणाचंच नाही म्हणजे उचलायला मोकळं. ज्या समाजाचं श्रम शतकानुशतके 'वतन' म्हणून, 'रीत' म्हणून फुकट घेतलं गेलं, त्या समाजाच्या पोरांनी तरी हा शब्द इतक्या सहज वापरू नये. प्रस्थापितांनी आमचं नाव पुसलं हे आम्ही रोज म्हणतो. त्या दिवशी स्टुडिओत कुणी प्रस्थापित नव्हता. आम्हीच होतो.

यावर आमच्यातच वाद झाला, तोही सांगतो. एक मित्र म्हणाला, वामनदादांनी, बोदडेंनी पैशासाठी लिहिलं का? त्यांनी समाजाला गाणं दिलं. समाज वाजवतो आहे. मग नावाचा हट्ट कशाला? ऐकायला हे छान वाटतं. पण त्याच गाण्याने कॅसेट कंपनीला पैसे मिळाले, डीजेला मिळाले, स्टुडिओला मिळाले, आता जाहिरातीतून चॅनलला मिळतात. या सगळ्या साखळीत त्याग फक्त लिहिणाऱ्यानेच करायचा? आणि पैसा बाजूला ठेवा. नाव सांगायला पैसे पडत नाहीत. तो रकाना भरायला आम्हाला एक रुपया जास्त लागणार नव्हता.

कायदाही या बाबतीत आपण समजतो तितका आंधळा नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की लेखकाने हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिलं आहे' असं सांगण्याचा त्याचा अधिकार शिल्लक राहतो. त्याच्या रचनेची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर तो हरकत घेऊ शकतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित केला. गाण्याच्या शब्दांवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे वामनदादांची गाणी २०६४ पर्यंत आणि बोदडेंची २०८२ पर्यंत 'पारंपरिक' होऊ शकत नाहीत. तोपर्यंत त्यांना वारस आहेत, हक्क आहेत. ज्याने आपल्याला संविधान दिलं त्याच्या जयंतीचं गाणं आपण कायदा मोडून काढतो, हे आम्हाला तरी पचलं नाही.

नावं ठेवता येत नाहीत असंही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. जात्यावरची ओवी म्हणजे खरं तर 'पारंपरिक' म्हणून सोडून देण्यासारखीच गोष्ट. पण तिथे गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव नोंदवलं गेलं. दळणाऱ्या बाईच्या ओवीला नाव मिळू शकतं, तर कॅसेटवर छापून आलेल्या गाण्याला का नाही?

आता पुन्हा अरिवूकडे. २०२४ साली त्याने आपला अल्बम काढला. अल्बमचं नाव 'वल्लियम्मा पेरांडी', म्हणजे वल्लियम्माचा नातू. बारा गाणी. चाहता म्हणून विचाराल तर सगळी सारखी उतरलेली नाहीत. काही ठिकाणी वाद्यं शब्दाला चेपतात असं आम्हाला वाटलं. पण जिथे तालवाद्य आणि त्याचा आवाज समोरासमोर येतात, तिथे भाषा न कळूनही अंगावर काटा येतो. आम्हाला सगळ्यात जास्त भिडलं ते शीर्षक. ज्याचं नाव वारंवार गाळलं गेलं, त्याने स्वतःचं नाव मोठं करून लिहिलं नाही, आजीचं लिहिलं. मी कुणाचा आहे, हे आधी सांगितलं. त्याच वर्षी मार्चमध्ये संतोष नारायणन यांनी जाहीर केलं की 'एन्जॉय एन्जामी'चा एक रुपयाही लेबलकडून त्यांना मिळालेला नाही. म्हणजे ज्यांच्या नावावरून भांडण झालं, त्या कुणाच्याच हातात काही आलं नव्हतं. कलाकारांनी आपसात भांडावं आणि मधल्यामध्ये भलत्यानेच न्यावं, हे आपल्याला नवीन आहे का?

मग आम्ही काय केलं? आधी ते गाणं उतरवलं. मंडळात शिव्या खाल्ल्या. पुन्हा करायचं ठरलं तेव्हा एक जण म्हणाला, चला, आता नाव टाकू आणि तोच ट्रॅक पुन्हा चढवू. पण नाव टाकून बेसखाली शब्द पुरणं, हा मान नाही.

यावर आम्हाला आपल्याच चाळीसगावची गोष्ट आठवली. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला. साहेबांना पायी नेणं बरं दिसत नाही म्हणून वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने कधी लगाम धरला नव्हता अशा आपल्याच माणसाला हाकायला बसवलं. टांगा पुलावरून उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. लोकांवर ते रागावलेले दिसत नाहीत. पण प्रवाशाच्या मानापेक्षा त्याचा जीव महत्त्वाचा, हे लोक विसरले, असं त्यांनी नोंदवलं आहे. आमच्या गाण्यांचं तेच होतं आहे. मान म्हणून मोठी भिंत उभी करतो आणि लगाम कुणाच्या हातात आहे ते बघत नाही. आपल्या पोरांनी मिक्सिंग नीट शिकावं. शब्द वर ठेवायला शिकावं. भक्ती आहे म्हणून कौशल्य नको, असं होत नाही.

आम्ही पुन्हा रेकॉर्डिंग केलं. सगळे अंतरे ठेवले. वेळ साडेसहा मिनिटं झाली. डीजेवाला म्हणाला, एवढं लांब कोण ऐकणार? ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर लोक जमतात. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला आले होते, त्याची ही आठवण. तिथे पावसात, चिखलात उभं राहून आम्ही ते वाजवलं. आधी माईकवरून सांगितलं: गीतकार प्रतापसिंग बोदडे, मुक्ताईनगर, जिल्हा जळगाव. एवढंच. तरुण पोरं नाचली, साडेसहा मिनिटं नाचली. गाणं संपल्यावर पारोळ्याकडच्या एक मावशी आल्या आणि म्हणाल्या, आमच्या गावात पण एक लिहिणारा होता, त्याचं नाव सांगाल का पुढच्या वेळी? त्या दिवशी एका वहीत आम्ही चार गावांचे चार कवी लिहून घेतले. चौघांचीही एकही कॅसेट निघालेली नव्हती.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. या जयंतीला गाणं वाजवण्याआधी गीतकाराचं नाव आणि गाव सांगा. दहा सेकंद लागतात. गाणं चढवताना तो रकाना खरा भरा. माहीत नसेल तर वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना माहीत असतं. शेवटचा अंतरा कापू नका. कोरसमधल्या बायकांची आणि ढोलकीवाल्याचीही नावं लिहा. आणि तुमच्या तालुक्यात कुणी लिहिणारा जिवंत असेल तर आजच त्याला फोन करा.

आमच्या नव्या गाण्याच्या पाटीवर आता सगळी नावं आहेत. एक मात्र अजून सापडलेलं नाही. ज्या जुन्या कॅसेटवरून आम्ही ते गाणं शिकलो, तिच्यावर ढोलकी कुणी वाजवली? शब्द आला की खाली बसणारी ती ढोलकी. कुणाला माहीत असेल तर कळवा. तोपर्यंत आम्ही ती जागा मोकळी ठेवली आहे. 'पारंपरिक' लिहिलेलं नाही.

जयभीम!